फंक्शनल कोड लिहिला तरी सोळा कोअर कामाला का लागत नाहीत? (उत्तर लांब आहे)

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या सोसायट्यांच्या पाण्याच्या मीटरची रीडिंग्ज हास्केल या फंक्शनल भाषेत लिस्टच्या लिस्टमध्ये भरलीयेत, एक आतली लिस्ट म्हणजे एक सोसायटी, कुठे १२ मीटर, कुठे १,२००, कुठे अजून मीटर बसलेलेच नाहीत. प्रत्येक सोसायटीचा एकूण वापर, सरासरी आणि गळतीचा अंदाज असे तीन आकडे काढायचेत. एका कोअरवर ४१ सेकंद लागतात, मॅपच्या (लिस्टच्या प्रत्येक घटकाला तेच फंक्शन लावणं) जागी पारमॅप (तेच, पण पॅरलल) लावून १६ कोअरवर चालवलं तर ३४. "फंक्शनलमध्ये साइड इफेक्ट नसतात म्हणून ते आपोआप पॅरलल होतं असं कॉलेजात शिकवलं होतं, मग सर हे असं का?" आणि दुसरा प्रश्न, डेटा पॅरलल हास्केल नावाचं जे एक्स्टेन्शन वाचनात आलं होतं ते आताच्या कंपायलरमध्ये सापडतच नाही, ते गेलं कुठे.

अरे, कॉलेजात शिकवलं ते खोटं नाहीये, पण अर्धंच सांगितलंय. फंक्शन प्युअर आहे, साइड इफेक्ट नाहीत, बाहेरचं काही बदलत नाही, म्हणजे ते आधी चालवलं, नंतर चालवलं, दुसऱ्या कोअरवर चालवलं तरी उत्तर तेच येणार, म्हणजे तुला पॅरलल चालवायची परवानगी मिळाली. सी मध्ये हीच परवानगी मिळवताना जीव जातो, कुठला पॉइंटर कुठे लिहितोय ते शोधत बसा, लॉक लावा, एक लॉक विसरला की सहा महिन्यांनी रात्री दोनला फोन. हास्केलमध्ये ती पहिल्या दिवसापासून हातात असते आणि ही फार मोठी गोष्ट आहे, मी वीसेक वर्षं याच कामात आहे आणि आजही मला तिचं मोल वाटतं. पण मांडवाची परवानगी मिळाली म्हणून मांडव उभा राहत नाही ना, बांबू आणावे लागतात, माणसं लावावी लागतात, कोणी कुठला कोपरा धरायचा ते ठरवावं लागतं. कोअरचंही तेच, त्याला पुरेसं मोठं काम एका वेळी द्यावं लागतं, त्या कामाचा डेटा मेमरीत एकाशेजारी एक ठेवावा लागतो, आणि बाकीच्यांसाठी थांबायची वेळ त्याच्यावर येऊ द्यायची नाही. हे तिन्ही तुझ्या कोडमध्ये झालेलं नाही, आणि यातलं काहीच कंपायलर तुझ्यासाठी पूर्णपणे करून देत नाही.

सगळ्यात आधी लेझीनेस (हास्केल उत्तर लागेपर्यंत हिशोब पुढे ढकलतं), कारण माझा अंदाज आहे की तुझा निम्मा प्रॉब्लेम इथेच आहे. तुझं फंक्शन तीन आकड्यांचं टपल (एकत्र बांधलेला गट) परत देतं. पारमॅपला तू जर आरसेक ही वरवरच हिशोब करणारी स्ट्रॅटेजी दिली असशील (बहुतेक जण तीच देतात) तर दुसऱ्या कोअरवर फक्त टपलचं बाहेरचं कवच तयार होतं आणि आतले तीन आकडे "नंतर काढू" असे थंक म्हणून तसेच राहतात. मग कोअर म्हणतो झालं माझं काम, आणि शेवटी तू जेव्हा रिझल्ट प्रिंट करतोस तेव्हा तो मेन थ्रेड बिचारा एकटा सगळे थंक सोडवत बसतो. म्हणजे सोळा जणांना बोलावलं, प्रत्येकाने पाकिटावर नाव लिहिलं आणि मोजणी एकाच्याच गळ्यात. आतपर्यंत सगळा हिशोब करणारी आर-डीपसेक लाव, किंवा टपलऐवजी स्ट्रिक्ट फील्डवाला (आकडे लगेच काढणारा) रेकॉर्ड कर, मग खरी बेरीज त्या त्या कोअरवरच होईल. ही चूक मी नव्या पोरांच्या कोडमध्ये इतक्यांदा बघितलीय की आता कोड उघडला की आधी तेच शोधतो.

दुसरं, स्पार्क. पारमॅप लिस्टच्या प्रत्येक घटकाला एक स्पार्क (दुसरा कोअर उचलू शकेल अशी कामाची चिठ्ठी) टाकतो, म्हणजे प्रत्येक सोसायटीला एक. आता १२ मीटरची बेरीज करायला लागतो मायक्रोसेकंदाचाही छोटासा भाग, आणि तो स्पार्क बनवणं, टोपलीत टाकणं, दुसऱ्या कोअरने तो उचलणं याला त्याहून जास्त वेळ. एक ना धड भाराभर चिंध्या. प्रोग्रॅम मायनस-एस ऑप्शन लावून चालव, शेवटी स्पार्क्सची एक ओळ छापली जाते, त्यात किती कन्व्हर्ट झाले म्हणजे खरंच दुसऱ्या कोणी उचलले आणि किती फिझल झाले म्हणजे उचलायच्या आधीच मेन थ्रेडने ते काम स्वतः करून टाकलं ते आकडे असतात, किती ओव्हरफ्लो होऊन सरळ टाकून दिले तेही असतं. कन्व्हर्ट कमी आणि बाकीचे जास्त असतील तर तुझे तुकडे फार बारीक आहेत, एवढा सरळ अर्थ. मी कोअरच्या चौपट ते आठपट तुकडे करतो, १६ कोअरला ६४ ते १२८, त्याहून बारीक करून काही मिळत नाही आणि त्याहून जाड केले तर एक तुकडा रेंगाळला की बाकीचे पंधरा हात बांधून उभे.

बरं ते १६ कोअर तरी खरेच १६ आहेत का ते बघ, लिनक्सवर एलएससीपीयू (lscpu) ही कमांड टाक. बऱ्याच लॅपटॉपवर ८ खरे कोअर आणि प्रत्येकाचे हायपरथ्रेडिंगने दोन दाखवलेले असतात, बेरजेसारख्या कामाला त्या दुसऱ्याचा फार उपयोग नसतो. आणि लॅपटॉपवर सगळे कोअर एकदम पळवले की तो तापतो आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येतो, मे महिन्यात पुण्यात दुपारी घेतलेला आकडा आणि रात्री एसीत घेतलेला आकडा वेगळा येतो, म्हणून मोजमाप पाच-सात वेळा घे.

आता मेमरी, आणि इथे जरा थांबतो कारण फंक्शनलवाले (मी धरून) हा भाग नेहमी उशिरा शिकतात. हास्केलच्या साध्या लिस्टमध्ये ६४-बिट मशीनवर एक घटक म्हणजे कॉन्स सेलचे (लिस्टच्या एका कडीचे) ३ मशीन-शब्द, २४ बाइट, आणि आतला बॉक्स्ड (वेगळ्या डब्यात ठेवलेला) आकडा २ शब्द, १६ बाइट, एकूण ४०. अनबॉक्स्ड व्हेक्टरमध्ये (आकडे थेट एकाशेजारी एक ठेवणारा ॲरे) तोच आकडा ८ बाइट. पाचपट फरक! समजा तुझ्याकडे १० कोटी रीडिंग्ज आहेत, तर लिस्ट म्हणून ४ जीबी आणि व्हेक्टर म्हणून ८०० एमबी. ड्युअल चॅनल डीडीआर४-३२०० रॅम कागदावर जास्तीत जास्त ५१.२ जीबी प्रति सेकंद देते, म्हणजे ८०० एमबी एकदा वाचून काढायला अगदी आदर्श परिस्थितीत साधारण १६ मिलिसेकंद. लिस्टला एवढी बँडविड्थही (डेटा आणण्याचा वेग) मिळत नाही कारण पुढचा सेल कुठे आहे हे आधीचा वाचल्याशिवाय कळतच नाही, प्रोसेसरला पुढचं आधीच आणून ठेवता येत नाही, प्रत्येक उडी मेमरीपर्यंत. आणि व्हेक्टर केलास तरी एक गोष्ट लक्षात ठेव, नुसती बेरीज असेल तर चार-पाच कोअरमध्येच ती बँडविड्थ संपते. नळ एक आणि हंडे सोळा, हंडे वाढवून पाणी वाढत नाही. त्यामुळे साध्या बेरजेला सोळापट स्पीडअप मिळत नाही म्हणून हास्केलला दोष देऊ नकोस, सी मध्येही मिळणार नाही. एका फेरीत एकूण, सरासरी, गळती तिन्ही काढ, डेटावरून तीनदा फिरू नकोस, हा बदल कोअर वाढवण्यापेक्षा जास्त देईल.

गार्बेज कलेक्टरचंही (जीसी, नको असलेली मेमरी मोकळी करणारा) याच्याशीच नातं आहे. ती ४ जीबीची लिस्ट जिवंत असते तोवर मोठ्या जीसीच्या वेळी ती सगळी पुन्हा पुन्हा चालून कॉपी केली जाते आणि त्या वेळात सगळ्या कोअरवरचं तुझं काम थांबलेलं असतं. अनबॉक्स्ड व्हेक्टर हा जीसीच्या दृष्टीने एक मोठा ठोकळा, आत पॉइंटर नाहीत, त्यामुळे तो कॉपीही करत नाही आणि आत बघतही नाही. थ्रेडस्कोप (कोअर कधी काय करत होते ते दाखवणारं साधन) लावून बघितलंस तर डोळ्यांना दिसेल, हिरव्या पट्ट्यांत मधेमधे केशरी पट्टे म्हणजे जीसी.

आणि ॲमडालचा नियम, म्हणजे जो भाग एकाच कोअरवर चालतो तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो. १९६७ सालचं साधं गणित आहे पण रोज उपयोगी पडतं. समजा त्या ४१ सेकंदांपैकी १० सेकंद फाइल वाचून टेक्स्टचे आकडे करण्यात जातात आणि तो भाग एकाच कोअरवर चालतो. मग उरलेले ३१ सेकंद सोळा जणांत अगदी परफेक्ट वाटले तरी जवळपास २ सेकंद, एकूण १२, म्हणजे साडेतीनपटीच्या आसपास, बस. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आधी प्रोफाइल करून बघ पार्सिंगला (टेक्स्टचे आकडे करायला) किती लागतात, मला तुझ्या वर्णनावरून वाटतंय बरेच लागत असणार.

हे सगळं झालं तरी तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा अजून बाकी आहे, तो म्हणजे आतल्या लिस्ट लहानमोठ्या आहेत. यालाच नेस्टेड डेटा पॅरललिझम म्हणतात.

डेटा एकसारखा असेल तर आयुष्य सोपं असतं. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रत्येक दोन डिशच्या सिग्नलचा मेळ घालायचा, म्हणजे ३० गुणिले २९ भागिले २, ४३५ जोड्या, आणि प्रत्येक जोडीला काम अगदी सारखं. असं काम कितीही कोअरना सरळ वाटून देता येतं, जीपीयूला तर ते फारच आवडतं आणि तिथे वापरतातही जीपीयूच. पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष हा सुपरकंप्युटर सुरू झाला, ४ पेटाफ्लॉपचा, त्यावरचं हवामानाचं मॉडेलही मुळात ग्रिडच होतं, प्रत्येक चौकोनाला ढोबळमानाने सारखं गणित. पुण्याला पॅरलल कंप्युटिंग नवं नाही रे, सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था इथे १९८८ मध्ये सुरू झाली आणि १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवरचा परम ८००० हा सुपरकंप्युटर इथेच उभा राहिला. पण सोसायट्या ग्रिडसारख्या नसतात.

एक प्रसंग सांगतो म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मी लहान असताना आमच्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब पोरांकडे असायचा. प्रत्येक गल्लीचं एक पावतीपुस्तक, प्रत्येक पोराला एक गल्ली, गल्लीनिहाय बेरीज करून फळ्यावर लिहायची. एका गल्लीत दोन जुने वाडे, तिथल्या पोराचं पाच मिनिटांत उरकायचं आणि तो बाहेर क्रिकेटला. दुसऱ्या गल्लीत नवी मोठी स्कीम झालेली, तिथला पोरगा रात्री दहापर्यंत एकटा पावत्या उलटतोय आणि त्याच्यासाठी सगळा हिशोब अडलेला. हेच तुझ्या पारमॅपचं होतंय. बाहेरच्या लिस्टवर पॅरलल, आत सिरियल, आणि सगळ्यात मोठी सोसायटी ज्याच्या वाट्याला आली त्याच्यावर वेळ ठरते. मग एका वर्षी कार्यकर्त्यांपैकी एका दादाने सांगितलं, गल्ल्या वाटू नका, पावत्या वाटा. सगळी पुस्तकं क्रमाने एकाखाली एक रचली, नवी गल्ली जिथे सुरू होते तिथे पहिल्या पावतीवर लाल खूण केली, आणि गठ्ठ्याचे पोरांइतके सारखे भाग केले. एखादी मोठी गल्ली दोन-तीन पोरांत तुटली तर तुटली, शेवटी जोडून घ्यायची.

फ्लॅटनिंग म्हणतात ते बरोब्बर हेच. छोट्या आकड्यांवर करून दाखवतो. चार गल्ल्या, अ मध्ये १०१, २५१. ब मध्ये ५०१. क मध्ये काहीच नाही. ड मध्ये ५१, १०१, १०१, ११, २१. सपाट केलं की एकच ॲरे:

[१०१, २५१, ५०१, ५१, १०१, १०१, ११, २१]

आणि लाल खुणांचा ॲरे:

[१, ०, १, १, ०, ०, ०, ०]

दोन पोरं, प्रत्येकी चार पावत्या. पहिला चालता चालता बेरीज करतो, लाल खूण आली की नव्याने सुरू, त्याचं येतं १०१, ३५२, ५०१, ५१. दुसऱ्याला माहीत नाही की त्याच्या पहिल्या पावतीच्या आधी ड गल्लीचं किती झालं, म्हणून तो शून्यापासून सुरू करतो, १०१, २०२, २१३, २३४. मग पहिला त्याला सांगतो माझ्याकडे शेवटच्या गल्लीचे ५१ उरलेत, आणि दुसऱ्याच्या भागात कुठेही लाल खूण नाही म्हणून ते ५१ त्याच्या सगळ्यांत मिळवायचे, १५२, २५३, २६४, २८५. झालं, अ ३५२, ब ५०१, ड २८५. यालाच सेगमेंटेड स्कॅन म्हणतात. प्रत्येक घटक म्हणजे खूण आणि आकडा अशी जोडी, आणि दोन जोड्या जोडायचा नियम असा की उजवीकडे खूण असेल तर उजवीकडचा आकडा तसाच ठेव, नसेल तर दोन्हीची बेरीज कर, आणि दोघांपैकी कुठेही खूण असेल तर जोडीला खूण. कागदावर करून बघ, हा नियम असोसिएटिव्ह आहे, म्हणजे कंस कुठेही टाकला तरी उत्तर तेच, आणि म्हणूनच गठ्ठा कुठेही तोडता येतो. मला हा नियम पहिल्यांदा समजला त्या दिवशी मी तो घरच्या फळ्यावर लिहून ठेवला होता, इतका छोटा आणि इतका कामाचा.

आणि क गल्ली? तिला एकही पावती नाही म्हणून लाल खूण करायला जागाच नाही, ती गायब झाली! तुझ्याकडे मीटर न बसलेल्या सोसायट्या आहेत म्हणजे हे तुला लागणारच. म्हणून खुणांच्या जोडीला लांब्यांचा ॲरे ठेवायचा, [२, १, ०, ५], आणि त्याचा एक्सक्लुझिव्ह स्कॅन (प्रत्येक जागी फक्त आधीच्यांची बेरीज) घेतला की प्रत्येक गल्ली कुठून सुरू होते ते मिळतं, [०, २, ३, ३]. क आणि ड दोघांची सुरुवात ३, पण क ची लांबी ० म्हणून तिचं उत्तर ०.

स्कॅनबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, पॅरलल स्कॅनला डेटावरून दोनदा जावं लागतं, आधी प्रत्येक तुकड्याची बेरीज आणि मग उरलेलं मिळवून दुसरी फेरी, म्हणून दोन कोअरवर फायदा जवळपास शून्य, चारच्या पुढे दिसायला लागतो. तुला फक्त सोसायटीनिहाय एकूणच हवेत, मधले आकडे नकोत, तर स्कॅनऐवजी सेगमेंटेड रिड्यूस (प्रत्येक भागाची फक्त शेवटची बेरीज) कर, दुसरी फेरी वाचते.

आता तुझा दुसरा प्रश्न. ही कल्पना गाय ब्लेलॉक यांची, कनेक्शन मशीन या हजारो प्रोसेसरच्या संगणकाच्या काळातली, १९९० च्या आसपास त्यांनी सेबट यांच्याबरोबर फ्लॅटनिंगचं रूपांतर मांडलं आणि मग कार्नेगी मेलनमध्ये नेसल नावाची भाषा केली. त्यात तू आतबाहेर कितीही नेस्टेड मॅप लिही, कंपायलर स्वतःच सपाट करून लांब्यांचे ॲरे सांभाळतो. त्याच्याही आधी जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात (छापून आलं १९७८ मध्ये) एकेक शब्द मेमरीतून नेण्या-आणण्याची सवय सोडा आणि सगळ्या डेटावर एकदम क्रिया करणारी फंक्शन्स जोडत जा असं कळकळीने सांगितलं होतं. तेव्हा ऐकायची घाई कोणाला नव्हती कारण क्लॉक वाढतच होता. २००४ च्या सुमाराला उष्णतेपायी क्लॉकची शर्यत अडली, इंटेलने २००५ मध्ये पेंटियम डी आणला, घरोघरी दोन कोअर आले आणि मग सगळ्यांना जुनी कागदपत्रं आठवली.

त्याच लाटेत मॅन्युएल चक्रवर्ती, गॅब्रिएल केलर, रोमन लेश्चिन्स्की, सायमन पेटन जोन्स या मंडळींनी नेसलची कल्पना हास्केलमध्ये आणायला घेतली, तेच डेटा पॅरलल हास्केल. मी तेव्हा फार आशेने ते वापरून बघायचो. कल्पना सुंदर होती पण मल्टिकोअरवर दोन ठिकाणी दम लागला. एक, प्रत्येक छोटी पायरी संपूर्ण ॲरेवर चालते आणि मधले ॲरे मेमरीत लिहिले जातात, ते फ्यूजनने एकमेकांत मिसळून गेले नाहीत तर सगळा वेळ रॅमच्या नळावर. दोन, आतल्या फंक्शनमध्ये एखादा सामाईक ॲरे वापरला, समजा प्रत्येक सोसायटी एकाच दरपत्रकात बघते, तर सरळसोट फ्लॅटनिंग ते दरपत्रक प्रत्येक सोसायटीसाठी कॉपी करत बसतं आणि काम फुगतं. त्यावर नंतर चांगलं संशोधनही झालं, पण प्रकल्प थंडावला आणि २०१८ मध्ये जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमधून तो कोड काढून टाकला. म्हणून तुला सापडत नाही.

पण वाया काहीच गेलं नाही. त्याच घरातून २०१० मध्ये रेपा ही लायब्ररी आली, तिने मुद्दाम फक्त एकसारखे ॲरे घेतले, मग जीपीयूसाठी ॲक्सिलरेट आली. कोपनहेगन विद्यापीठातली फ्यूथार्क ही भाषा तर मी प्रत्येकाला शिकायला सांगतो, तिच्यात मॅप, रिड्यूस, स्कॅन याच भाषेत विचार करावा लागतो, ती मल्टिकोअर आणि जीपीयू दोन्हीसाठी कोड काढते, आणि अनियमित लिस्टच्या लिस्ट तिच्यात चालतच नाहीत, त्यामुळे लांब्यांचा ॲरे तुला हाताने करावा लागतो, तो एकदा केला की डोक्यात कायमचा बसतो. कामावर टीम रस्ट भाषावाली असेल तर रेयॉन ही लायब्ररी घे, त्यात वर्क स्टीलिंग आहे, ज्याचं काम संपलं तो दुसऱ्याच्या टोपलीतून उचलतो, मध्यम अनियमित डेटाला तेवढं पुरतं, पूर्ण फ्लॅटनिंगची गरज नसते. माझं मत विचारशील तर सीपीयूवर मी आधी वर्क स्टीलिंग करून बघतो आणि एखादी सोसायटी बाकीच्यांच्या शंभरपट असेल तरच सपाट करतो. तुझ्याकडे १२ आणि १,२०० आहेत. म्हणून सपाट.

एक इशारा मनापासून. जोडायची क्रिया असोसिएटिव्ह आहे का हे दरवेळी तपास. सरासरीची सरासरी काढू नकोस, बेरीज आणि संख्या अशी जोडी ने आणि शेवटी भाग. आणि फ्लोटिंग पॉइंटची (दशांशवाल्या आकड्यांची) बेरीज असोसिएटिव्ह नसते. डबल या ६४-बिट प्रकारात १ वर सोळा शून्य या आकड्यात १ मिळवून तोच आकडा वजा कर, उत्तर ० येतं, आधी वजा करून मग १ मिळव, उत्तर १. एका क्लायंटकडे आमचा रात्रीचा रिपोर्ट ८ कोअरच्या सर्व्हरवर आणि २४ कोअरच्या सर्व्हरवर काही पैशांनी वेगळा यायचा, टेस्टिंगवाल्या बाईंनी तीन आठवडे रोज बग टाकला आणि त्यांचं बरोबर होतं, आम्ही तुकडे कोअरच्या संख्येवरून पाडत होतो. तेव्हापासून फ्लोटिंग पॉइंटची बेरीज असेल तिथे मी कोअरच्या पटीत तुकडे न करता तुकड्याचा साइज ठरलेला ठेवतो, समजा ६५,५३६ घटक, कोअर कितीही असोत, आणि तुकड्यांची उत्तरं ठरलेल्या क्रमानेच जोडतो. उत्तर मग प्रत्येक मशीनवर शेवटच्या बिटपर्यंत तेच.

तुझं नशीब चांगलं आहे, मीटर लिटरमध्ये मोजतात. लिटर पूर्णांकातच ठेव, ती बेरीज खरोखर असोसिएटिव्ह आहे, भागाकार फक्त शेवटी. तर आता हातात काय घ्यायचं, आधी एका कोअरवरच लिस्टच्या जागी एक अनबॉक्स्ड व्हेक्टर आणि एक लांब्यांचा व्हेक्टर कर, तिन्ही आकडे एकाच फेरीत काढ आणि वेळ मोज, ४१ चे किती झाले ते बघ, बहुधा तिथेच तुला धक्का बसेल. मग पार्सिंग, फाइलचे नवी ओळ बघून तुकडे पाडता येतात, तेही पॅरलल होतं. त्यानंतरच कोअर वाढव, १, २, ४, ८, १६, प्रत्येकाचा वेळ लिहून ठेव. टेस्ट करताना तुकड्याचा साइज ६५,५३६ ठेवू नकोस, ३ ठेव, मग ७ ठेव, म्हणजे तुकडे मुद्दाम सोसायटीच्या मधोमध तुटतील, आणि डेटात पहिली सोसायटी रिकामी, शेवटची रिकामी आणि मधे सलग दोन रिकाम्या अशा टाक, माझे सगळे बग आजवर त्या सलग दोन रिकाम्यांनीच पकडलेत.